‘फॉरमॅट मारून द्या’

माझ्या दुकानात येणारं गिऱ्हाईक आजाराचं नाव आणि औषध दोन्ही घेऊनच पायरी चढतं. "अण्णा, व्हायरस शिरलाय. फॉरमॅट मारून द्या, संध्याकाळपर्यंत पाहिजे. टॅलीचा डाटा तेवढा जपा." सोलापूरच्या पूर्व भागात कॉम्प्युटर दुरुस्त करत बसलेल्या माणसाला हे वाक्य झोपेतही ऐकू येतं. टॉवेलचे कारखानदार, सुताचे व्यापारी, जीएसटी भरून देणारे, लग्नपत्रिका आणि डिजिटल बोर्ड करणारे डीटीपीवाले, सगळ्यांचं दुखणं एक नि उतारा एक.

त्यातली पुष्कळ मशीनं व्हायरसच्या बाबतीत ठणठणीत असतात. सीपीयूचं झाकण उघडलं की आत काय दिसतं, ते लूमच्या आवाजात वाढलेल्या माणसाला सांगायला नको. प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये सुताचं तूस इतकं घट्ट बसलेलं असतं की चिमट्याने एक टोक धरून ओढलं तर अख्खा थर एका तुकड्यात सोलून निघतो. कारखान्याचं ऑफिस म्हणजे शेडला लागून एक खोली, मध्ये एक दार, आणि ते दार दिवसभर उघडं. पंखा तूस ओढत राहतो, प्रोसेसर तापतो, तापला की आपला आपण वेग कमी करतो. त्यात आमचा एप्रिल-मे. ब्लोअर मारला, थर्मल पेस्ट बदलली की मशीन पळायला लागतं आणि मालक म्हणतात, "बघा, गेला का नाही व्हायरस!" मी मान हलवतो. वाद घालून मजुरी वाढत नाही.

ज्या मशीनमध्ये खरोखर काहीतरी बसलेलं असतं ते मात्र माझ्याकडे येतच नाही. कारण ते झकास चालत असतं. ट्रोजन, म्हणजे कामाच्या फाइलचं सोंग घेऊन आत शिरणारा चोर प्रोग्रॅम, तो लिहिणाऱ्याला तुमचं मशीन बिघडवायचं नसतं. उलट ते रोज वेळेवर सुरू व्हावं, नेट नीट असावं, तुम्ही बँकेत लॉगिन करावं, मेल वाचाव्यात, यातच त्याचा फायदा. दुसऱ्याच्या मशीनवर चोरून क्रिप्टोचं मायनिंग करणारे असतात, त्यांच्यामुळे पंखा बोंबलतो, तेवढा अपवाद. बाकीचे पाहुणे पावलांचा आवाज न करता राहतात.

आमच्याकडे सगळ्यालाच व्हायरस म्हणतात आणि मी कुणाला सुधारायला जात नाही. पण फरक कामाचा आहे. व्हायरस दुसऱ्या फायलींना चिकटून पसरतो. वर्म कुणाच्या मदतीशिवाय एका मशीनवरून दुसऱ्यावर जातो. कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह लावला आणि सगळे फोल्डर शॉर्टकट होऊन परत आले, ती त्याच जातीची करामत. ट्रोजन स्वतःहून कुठे जात नाही. त्याला आत तुम्ही आणता. डबल क्लिक तुमचा असतो. म्हणून तुम्ही ज्याची वाट बघताय, त्याच वेषात तो येतो.

हे काही नवं नाही. १९८९ मध्ये जवळपास २०,००० लोकांच्या घरी टपालाने एक फ्लॉपी गेली. एड्सबद्दल माहिती देणारी. तेव्हा त्या रोगाची जगभर धास्ती होती, आणि फ्लॉपी घातली की खरोखर प्रश्नावली उघडायची, उत्तरं भरली की तुम्हाला धोका किती ते सांगायची. म्हणजे सांगितलेलं काम ती करत होती! मागे मात्र मशीन किती वेळा सुरू झालं ते मोजत बसायची. साधारण नव्वदाव्या वेळी हार्ड डिस्कवरचे फोल्डर गायब, फायलींची नावं गिचमिड, आणि पडद्यावर मागणी: पनामातल्या पोस्ट बॉक्सवर १८९ डॉलर पाठवा. हे करणारा जोसेफ पॉप नावाचा शिकलेला जीवशास्त्रज्ञ होता. त्याला पकडलं, पण मानसिक अवस्थेमुळे खटला चालला नाही. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की फ्लॉपीबरोबर एक छापील कागद होता आणि पैसे न दिल्यास तुमच्या मशीनचं नुकसान होईल, असं त्यावर चक्क लिहिलेलं होतं. वाचतो कोण? आजही ‘आय अ‍ॅग्री’वर आपण टिक करतो तेव्हा वर काय लिहिलंय, देवाला ठाऊक.

आता माझ्या डोळ्यांसमोरचं एक प्रकरण. अक्कलकोट रोडच्या बाजूचा टॉवेल निर्यात करणारा कारखाना, नाव सांगत नाही. परदेशी माल पाठवणाऱ्या ऑफिसात मेल बघणाऱ्या माणसाचा अर्धा दिवस कशाची वाट बघण्यात जातो? स्विफ्ट कॉपीची. खरेदीदाराने तिकडच्या बँकेतून पैसे सोडले की तो पुरावा म्हणून जो कागद पाठवतो, ती स्विफ्ट कॉपी. ती आली की मालक खूश, सुताच्या व्यापाऱ्याला तारीख देता येते, कामगारांच्या आठवड्याच्या पगाराची काळजी मिटते. तर एक दिवस मेल आली, विषय ‘स्विफ्ट कॉपी’, खाली खरेदीदाराच्याच धाटणीच्या दोन ओळी आणि एक दाबून बांधलेली आरएआर फाइल. ऑफिसातल्या ताईंनी ती उघडली. आत एक फाइल, लाल रंगाचं पीडीएफचं चित्र, नाव ‘स्विफ्ट कॉपी.पीडीएफ’. डबल क्लिक केला. ‘फाइल खराब आहे, उघडता येत नाही’ असा चौकोन आला. ताईंनी खरेदीदाराला लिहिलं, कॉपी नीट दिसत नाही, परत पाठवा. यात त्यांचं काय चुकलं? मी तिथे बसलो असतो तर मीही तेच लिहिलं असतं.

त्या फाइलचं पूर्ण नाव ‘स्विफ्ट कॉपी.पीडीएफ.ईएक्सई’ होतं. ईएक्सई म्हणजे कागद नव्हे, चालणारा प्रोग्रॅम. विंडोजला एक जुनी खोड आहे. ओळखीच्या प्रकारची फाइल असली की नावाचं शेवटचं शेपूट ते लपवतं. विंडोज ९५पासून हेच चाललंय. नाव सुटसुटीत दिसावं म्हणून. त्यामुळे ईएक्सई दिसत नाही, पीडीएफ दिसतं, आणि चित्र तर काय, प्रोग्रॅम लिहिणारा हवं ते लावतो.

पुढचं मला नंतर कळलं, कारण मला बोलावलंच मुळात उशिरा. खरेदीदाराचा फोन आला होता, तुमच्या नव्या खात्यावर पैसे भरले, मिळाले का? मालक म्हणाले, कुठलं नवं खातं? तिथून आरडाओरडा सुरू झाला. मॅनेजरांनी त्याच संध्याकाळी कुणा पोराला बोलावून मशीन फॉरमॅट मारून घेतलं. नवं विंडोज, नवं ऑफिस, सगळं कसं चकाचक. आणि चार दिवसांनी लक्षात आलं की खरेदीदार मेल पाठवतोय म्हणतो, पण इकडे इनबॉक्समध्ये काही येत नाही.

मी गेलो तेव्हा मशीनकडे बघितलंसुद्धा नाही. मेलचं खातं वेबवर उघडून सेटिंगमध्ये ‘रूल्स’ बघितले. तिथे एक नियम बसलेला होता, नावाच्या जागी नुसतं एक टिंब. खरेदीदाराकडून आलेली किंवा ‘पेमेंट’ हा शब्द असलेली कुठलीही मेल आली की ती वाचलेली म्हणून खूण कर आणि ‘आरएसएस फीड्स’ या फोल्डरमध्ये टाक. तो फोल्डर आउटलुकमध्ये बहुतेकांकडे असतो आणि कधी कुणी उघडत नाही. मी उघडला. तीन आठवड्यांचा सगळा पत्रव्यवहार तिथे पडलेला. ताई खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि एकेक मेल वाचायला लागल्या. प्रत्येक मेलला त्यांच्याच नावाने उत्तर गेलेलं, त्यांच्याच सहीने, त्यांच्याच ‘वॉर्म रिगार्ड्स’ने. शेवटी खात्याचा नंबर बदलल्याची मेल, कंपनीच्या लेटरहेडवर, शिक्क्यासकट. ती मूळ पत्त्यावरून नव्हती. कंपनीच्या नावातल्या ‘एम’ऐवजी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी-शेजारी ठेवून कुणीतरी नवीन डोमेन विकत घेतलं होतं. इंग्रजी लहान लिपीत ती दोन अक्षरं एकत्र कशी दिसतात ते लिहून बघा.

ती जुनी मेल सर्व्हरवर अजून होती, जोडलेल्या फाइलसकट. ती फाइल न चालवता व्हायरसटोटल या वेबसाइटवर चढवली. तिथे वेगवेगळ्या कंपन्यांचे अँटिव्हायरस एकदम निकाल देतात. बऱ्याच जणांचं एकमत झालं: एजंट टेस्ला. २०१४पासून फिरत असलेला हा ट्रोजन आहे, त्याच्याकडून चोरी करवून घ्यायला फार हुशारी लागत नाही, पैसे देऊन वापरता येतो. तो चालला की विंडोजच्याच एखाद्या खात्रीची सही असलेल्या प्रोग्रॅमच्या पोटात जाऊन बसतो, त्यामुळे टास्क मॅनेजरमध्ये ओळखीचं नाव दिसतं. स्वतःची एक प्रत यूजरच्या अ‍ॅपडेटा फोल्डरमध्ये ठेवतो, कारण तिथे लिहायला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागत नाही, आणि मशीन सुरू झालं की आपणही सुरू व्हावं अशी नोंद करून ठेवतो. मग ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, आउटलुकचा पासवर्ड, तुम्ही दाबलेली बटणं, अधूनमधून पडद्याचा फोटो, असं सगळं गोळा करून मेलने, एफटीपीने किंवा टेलिग्रामवरून धन्याकडे पाठवतो.

इथे लोक मला विचारतात, क्रोम पासवर्डला कुलूप लावत नाही का? लावतो. पण त्या कुलपाची किल्ली विंडोजमध्ये लॉगिन केलेल्या यूजरच्या हवाली असते, आणि ट्रोजन चालतो तो त्याच यूजरच्या नावाने. तो विंडोजला म्हणतो, मी इथलाच, उघडून दे. विंडोज उघडून देतं. गूगलने २०२४ मध्ये क्रोमच्या कुकींना आणखी एक कुलूप बसवलं, आणि चोरांनी त्याच वर्षी त्याचीही वाट काढली. कुकी म्हणजे तुम्ही आत आलेले आहात याची ब्राउझरमधली पावती. ती उचलली की पासवर्डही नको आणि ओटीपीही नको, कारण ओटीपी तुम्ही आधीच दिलेला असतो.

म्हणून मॅनेजरांच्या फॉरमॅटने काय साधलं? ट्रोजन गेला, नक्की गेला. पण त्याचं काम पहिल्या दिवशीच झालं होतं. मेलचा पासवर्ड बाहेर पोचला होता आणि तो नियम मशीनवर नव्हताच, मेलच्या सर्व्हरवर होता. हार्ड डिस्क पुसून सर्व्हर पुसला जात नाही. शिवाय मशीनवर त्याने आणखी काय ठेवलं होतं, कधी काय पाठवलं, याच्या खुणा फॉरमॅटने पुसून टाकल्या. सायबर पोलिसांनी विचारलं तेव्हा द्यायला त्या मशीनवरचं काहीच नव्हतं.

पैसे तोवर पुढच्या खात्यात, तिथून पुढच्या. खरेदीदार म्हणे, मेल तुमच्याकडून फुटली. मालक म्हणे, एवढी मोठी रक्कम, खातं बदललं तर एक फोन करायचा नाही? दोघांचंही खरं. शेवटी नुकसान अर्धं-अर्धं करून पुढच्या ऑर्डरींत वळतं केलं. आता त्या ऑफिसात खात्याचा नंबर बदलायचा तर आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन होतो. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही.

तर माझ्याकडे कामाचा क्रम उलटा आहे. आधी नेटची केबल काढा, मशीन बंद करू नका. दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून किंवा फोनवरून मेलचा पासवर्ड बदला, मग बँकेचा, मग बाकीचे. पासवर्ड बदलून झाला की ‘सगळीकडून साइन आउट’ हे दाबायचंच, नाहीतर चोरलेली पावती काही ठिकाणी चालू राहते. रूल्स, फॉरवर्डिंग, रिकव्हरीला दिलेला मोबाइल नंबर आणि मेल बघा. पैसे गेले असतील तर हे सगळं चालू असतानाच कुणीतरी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. पहिल्या काही तासांत रक्कम वाटेतल्या खात्यावर थांबवता येण्याची शक्यता असते, म्हणून. त्यानंतर डाटा काढा, त्यातही टॅलीचा फोल्डर, एक्सेल, फोटो एवढंच, कुठलीही सेटअपची फाइल नाही. फॉरमॅट सगळ्यात शेवटी. गिऱ्हाइकाला हे पटत नाही, कारण शेवटचं काम त्याला दिसतं आणि आधीचं दिसत नाही. ‘तासभर नुसतं सेटिंग बघितलं, त्याचे कसले पैसे?’ हे मी ऐकलेलं आहे.

जीएसटी भरणाऱ्यांना मी वेगळं सांगतो. डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं, टोकन सकाळी यूएसबीला लावायचं आणि संध्याकाळी काढायचं, मध्ये दिवसभर तिथेच लोंबकळत ठेवायचं, ही पद्धत बंद करा. ट्रोजनमध्ये दुरून मशीन चालवणारेही प्रकार असतात. टोकन लावलेलं, पिन टाइप करताना टिपलेला, मग सही करायला तुम्ही कशाला पाहिजे? एका साहेबांकडे तर पक्षकारांची डझनभर टोकनं एका रबरबँडमध्ये आणि पिनचे आकडे टोकनांवरच स्केचपेनने लिहिलेले होते. त्यांना काय सांगायचं बे!

डीटीपीवाल्यांची गोष्ट निराळी. त्यांना कोणी मेल पाठवायची गरज नाही, ते स्वतः शोधत जातात. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेआधी, निवडणुकीच्या आधी, आंबेडकर जयंतीच्या आधी डिजिटल बोर्डांची गर्दी असते, आणि त्याच वेळी डिझाइनचं कोरल चालेनासं होतं किंवा मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर लायसन मागतं. मग क्रॅक, म्हणजे लायसनचं कुलूप फोडून देणारी फाइल. क्रॅकच्या झिप फाइलमध्ये एक छोटी नोंद असते: चालवण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करा. आणि लोक बंद करतात! राखणदाराला आपणच सुट्टी द्यायची. विंडोज फुकटात अ‍ॅक्टिव्हेट करणाऱ्या फायलींचंही हेच. त्यातल्या काही बोलल्याप्रमाणे अ‍ॅक्टिव्हेट करून देतात, त्या फ्लॉपीसारख्याच, आणि मागे आपलं दुकान मांडतात. मूळ सॉफ्टवेअरची किंमत छोट्या दुकानाला परवडत नाही हे मला कळतं, मी काही कंपन्यांचा एजंट नाही. पण ज्या मशीनवर क्रॅक आहे त्या मशीनवर बँक उघडू नका, एवढं तर फुकट आहे.

फोनबद्दल थोडक्यात. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘तुमचं चलन फाटलंय’ म्हणून किंवा लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल, म्हणजे फोनवर अ‍ॅप बसवणारी फाइल, येते. ती बसवली की मेसेज वाचायची परवानगी मागते, मिळाली की बँकेचे ओटीपी परस्पर पुढे जातात. आमच्याकडे लग्नसराईत रोज दोन-चार पत्रिका येतात, त्यात अनोळखी नंबरही असतात, कुणीतरी लांबचा पाहुणा असेल म्हणून आपण उघडतो. पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ असते. पत्रिका इन्स्टॉल करावी लागत नाही.

‘अण्णा, अँटिव्हायरस आहे की मग कसा आला?’ हाही नेहमीचा प्रश्न. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या कैलास काटकरांनी भावाबरोबर क्विक हील उभी केली, त्याचा माझ्यासारख्या दुरुस्तीवाल्याला अभिमान आहे, आणि विंडोजचा डिफेंडरही आता पूर्वीसारखा नावापुरता राहिलेला नाही. पण ट्रोजन पाठवणारे दर वेळी त्यावर नवं वेष्टण चढवतात, त्यामुळे पहिल्या दिवशी तो अनेकदा ओळखू येत नाही. कुठलाही असो, अपडेट चालू ठेवा आणि त्याच्यावर सगळं सोडू नका. मला संशय आला तर मी मायक्रोसॉफ्टचं फुकट मिळणारं ऑटोरन्स चालवतो. मशीन सुरू होताना काय काय आपोआप चालतं त्याची यादी ते देतं, आणि ज्याच्यावर कुणाची खात्रीची सही नाही ती ओळ गुलाबी दिसते. गुलाबी म्हणजे चोर असं नाही, आमच्या गावच्या कितीतरी बिलिंग सॉफ्टवेअरच्या ओळी गुलाबीच असतात. पण गुलाबी, वर पत्ता अ‍ॅपडेटामधला, नि नाव ‘एसव्हीसीहोस्ट’ असं साळसूद? एसव्हीसीहोस्ट हा विंडोजचा स्वतःचा प्रोग्रॅम, खरा असेल तर तो विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमध्ये राहतो. तो यूजरच्या फोल्डरमध्ये भाड्याने राहायला जात नाही.

पोलीस लोकही कधी-कधी मजेशीर काम करतात. इमोटेट नावाचा ट्रोजन २०१४ मध्ये बँकेचे पासवर्ड चोरण्यासाठी आला आणि पुढे बाकीच्या चोरांना आत सोडणारा दलालच झाला. खंडणी मागणारे रॅन्समवेअरवाले अशाच वाटेने यायचे. जानेवारी २०२१ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून त्याचे सर्व्हर ताब्यात घेतले, आणि जर्मन पोलिसांनी त्याच सर्व्हरवरून एक अपडेट सोडला, जो २५ एप्रिलला इमोटेटला स्वतःच स्वतःला काढून टाकायला लावणार होता. चोराच्या हाताने चोराला बाहेर काढलं. त्याच नोव्हेंबरात तो परत आला, ती गोष्ट वेगळी.

माझ्या दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मशीनमध्ये मी एक टिक करून देतो. फोल्डर उघडायचा, ‘व्ह्यू’मध्ये जायचं, ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करायचं. नव्या विंडोजमध्ये ते ‘व्ह्यू’खालच्या ‘शो’मध्ये आहे. मग प्रत्येक नावाचं शेपूट दिसतं आणि स्विफ्ट कॉपीच्या मागचं ईएक्सईसुद्धा. याबद्दल मला आजवर कुणी शाबासकी दिलेली नाही. उलट दुसऱ्या दिवशी फोन येतो, "अण्णा, सगळ्या नावांपुढे काहीतरी टिंब नि अक्षरं आलीत, व्हायरस राहिलाय वाटतं." कुणी तर नाव बदलताना ते शेपूट खोडतं आणि एक्सेल उघडेना म्हणून मशीन घेऊन परत येतं. मी शेपूट परत लावून देतो. टिक काढत नाही.